डॅशबोर्ड खोलण्याआधी दोन पाइपांना हात लावून बघा

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची पेट्रोल पिकअप आहे, २६ वर्षं जुनी. रोज पहाटे साडेपाचला मी तीच घेऊन कामावर निघते. हीटरचा दांडा पूर्ण गरमवर ठेवला तरी जेमतेम कोमट हवा येते. गाडी पळत असली की जरा बरं असतं, सिग्नलला थांबले की पुन्हा थंडगार. समोरची काच आतून धुरकट होते आणि एका हातानं पुसत गाडी चालवावी लागते. तापमानाचा काटा मात्र मध्यावर असतो आणि ब्लोअरही जोरात चालतो. मागच्या हिवाळ्यात थर्मोस्टॅट बदलला, फरक पडला नाही. आता मेकॅनिक म्हणतात हीटर कोर गेला, डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागेल, तीन दिवस गाडी ठेवा. वडील असते तर त्यांनाच विचारलं असतं. करून घेऊ का हे काम?
ता. क. गाडी चालू केली की डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. थर्मोस्टॅट बदलल्यानंतरच तो सुरू झाला असावा. आणि उन्हाळ्यापासून दोनदा रेडिएटरच्या टाकीत नळाचं पाणी घातलंय. याचा हीटरशी काही संबंध असेल का?

उत्तर : ताई, संबंध आहे, आणि तोच सगळ्यात मोठा आहे. तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट तुम्ही ताजा कलमात लिहिलीत. डॅशबोर्डचं काम तूर्त थांबवा. कोर खराब नसेलच असं मी म्हणत नाही. पण तो खराब आहे हे अजून कुणी तपासलेलं दिसत नाही, आणि तपासायला डॅशबोर्ड उतरवावा लागत नाही. बॉनेट उघडून दहा मिनिटांत बरंच कळतं.

आधी हीटर चालतो कसा ते सांगतो, कारण एकदा ते डोळ्यांसमोर आलं की पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच सुचेल. तुमच्या गाडीत हीटरसाठी वेगळी शेगडी नाही. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची ढोबळमानानं एक तृतीयांश उष्णता कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात जाते. त्यातलं थोडं गरम कूलंट एका पाइपनं डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये येतं, तोच हीटर कोर. दुसऱ्या पाइपनं ते इंजिनाकडे परत जातं. ब्लोअर त्या कोरमधून हवा ढकलतो, आणि एक झडप ठरवते की किती हवा कोरमधून जाईल आणि किती त्याला वळसा घालून. म्हणजे उष्णता इंजिनापासून तुमच्या बोटांपर्यंत एका वाटेनं येते. ती वाटेत कुठे अडली आहे, एवढंच शोधायचं आहे.

तुमची गाडी पळताना बरी आणि थांबल्यावर थंड, ही खूण फार बोलकी आहे. कोरमधून कूलंट फिरवतो वॉटर पंप, आणि तो इंजिनाच्या वेगावर चालतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, त्याचा जोर सगळ्यात कमी. त्यात कूलंट कमी असेल आणि वाटेत हवा अडकली असेल, तर तेवढ्या जोरानं कूलंट कोरपर्यंत पोचतच नाही. बऱ्याच गाड्यांत कोर तसा उंचावर असतो, त्यामुळे हवा नेमकी तिथे जाऊन बसते. तुम्हाला ऐकू येणारी खळखळ म्हणजे कोरमधून हवा आणि कूलंट एकत्र जात असल्याचा आवाज. भरलेल्या कोरमधून आवाज येत नाही.

म्हणून पहिलं काम उद्या पहाटे, गाडी चालू करण्याच्या आधी. इंजिन रात्रभर गार झालेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडा आणि टॉर्च मारून आत बघा. कूलंट तोंडापर्यंत दिसायला हवं. नुसती बाजूची प्लॅस्टिकची टाकी बघून समाधान मानू नका. झाकण कमजोर असेल तर टाकीत पाणी दिसतं आणि रेडिएटर मात्र रिकामा असतो, कारण गार होताना टाकीतलं पाणी परत ओढून घेण्याचं काम झाकणातली झडप करते. तुमच्या रेडिएटरला झाकणच नसेल तर दाबाचं झाकण टाकीवर असतं, मग तिथली पातळी खरी माना.

हे झाकण गरम इंजिनावर कधीही, कुठल्याही घाईत उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं, त्यामुळे ते १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो, ते क्षणात उकळतं आणि तोंडावर, हातांवर उसळतं. वरच्या जाड पाइपला हात लावला, तो गार आणि दाबल्यावर मऊ लागला, मगच झाकणाला हात.

आणखी एक काळजी मला तुमचं पत्र वाचताना वाटली. काटा मध्यावर आहे म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. पण काट्याला खबर देणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असावा लागतो. कूलंट फार कमी झालं आणि सेन्सर हवेत उघडा पडला, तर इंजिन भाजून निघत असतानाही काटा शांत राहू शकतो. शिवाय बऱ्याच गाड्यांचे काटे मुद्दाम असे केलेले असतात की तापमान थोडं वरखाली झालं तरी ते मध्यावरून हलत नाहीत. जिथे कूलंट गायब होतंय, तिथे काट्याच्या भरवशावर राहू नका. पातळी कमी निघाली तर हीटर राहू द्या बाजूला, आधी इंजिनाला जपा.

आता दोन पाइपांची परीक्षा. पातळी बरोबर असताना वीसेक मिनिटं गाडी चालवा म्हणजे इंजिन नीट तापेल. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर सगळ्यात हळू. गाडी सपाटीवर, उघड्यावर उभी करा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. मग इंजिन बंद करून बॉनेट उघडा. केबिन आणि इंजिनाच्या मधल्या पत्र्यात, बहुधा प्रवाशाच्या बाजूला, साधारण अंगठ्याएवढे जाड दोन काळे पाइप शेजारी शेजारी आत जाताना दिसतील. ओढणी, बाही, मोकळे केस आधी आवरा. विजेवर चालणारा पंखा असेल तर इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो. आधी पंज्याची मागची बाजू जवळ नेऊन धग बघा, मग एक पाइप नुसता स्पर्शून बघा, मग दुसरा.

दोन्ही पाइप चटका बसावा इतके गरम असतील, तर कूलंट कोरमधून व्यवस्थित फिरतंय. मग कोर बदलून काहीही मिळणार नाही, दोष हवेच्या बाजूला, म्हणजे हवा वळवणाऱ्या त्या झडपेकडे आहे. एक पाइप कडक गरम आणि दुसरा जेमतेम कोमट असेल, तर कूलंट आत जातंय पण पुरेसं बाहेर येत नाही. म्हणजे कोर गाळानं भरलाय, किंवा त्यात हवा अडकली आहे, किंवा पाइपवर हीटरचा व्हॉल्व्ह असेल तर तो पूर्ण उघडत नाहीये. दोन्ही कोमट असतील तर कूलंट तिथपर्यंत पोचत नाही, नाहीतर इंजिनच पुरतं तापत नाही. तुमची लक्षणं वाचून माझा अंदाज दुसऱ्या प्रकाराचा आहे, पण माझ्या अंदाजापेक्षा तुमचा हात खरा मानायचा. लेझरवाला थर्मामीटर मिळाला तर उत्तमच, फक्त तो काळ्या रबरावर रोखा. चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा दाखवतो.

मी हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. माझ्या स्वतःच्या जुन्या पिकअपला हेच झालं होतं. एका गॅरेजमध्ये कोर गेला म्हणून सांगितलं आणि मी विश्वासानं गाडी ठेवली. चार दिवसांनी नवा कोर बसला, पैसे दिले, आणि घरी येताना हवा तशीच कोमट. त्या रात्री टॉर्च तोंडात धरून मी प्रवाशाच्या पायाशी उताणा झोपलो आणि वर बघत राहिलो. बायकोला सांगितलं, दांडा गरमवरून थंडवर आणि परत गरमवर हलव. दांडा पूर्ण हलत होता, पण झडपेचा लोखंडी हात जेमतेम बोटभर सरकून थांबत होता. केबलचं बाहेरचं आवरण ज्या क्लिपमध्ये घट्ट बसायला हवं, ती क्लिप निसटली होती, त्यामुळे झडप ओढली जाण्याऐवजी आवरणच मागेपुढे होत होतं. क्लिप दाबून बसवायला दोन मिनिटं लागली. त्या दिवसापासून केबिन तापतं, पण डॅशबोर्डचं जुनं प्लॅस्टिक उतरवताना तीन ठिकाणी तुटलं ते तुटलंच. २६ वर्षांचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. तुमच्या वडिलांच्या गाडीचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पातळी कमी निघाली तर कूलंट भरणं आणि हवा काढणं हे एकच काम समजा. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच राहील. हँडब्रेक ओढा, चाकांना मागून अडण लावा. गार इंजिनात झाकण उघडून काठोकाठ भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू करा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तसतसं भरत राहा. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप. त्यावर ८२ किंवा ८८ असा जो आकडा छापलेला असतो, तेवढ्या अंशांना तो उघडतो आणि पातळी एकदम खाली बसते. तेव्हा पुन्हा भरा, हलकी रेस द्या, बुडबुडे थांबले की झाकण लावा. कूलंट फुगून वर येऊ लागलं तर वाट न बघता झाकण लावून इंजिन बंद करा. काही इंजिनांना थर्मोस्टॅटच्या घराजवळ हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो. तो असेल तर काम सोपं होतं: त्यातून सलग धार येईपर्यंत सैल ठेवायचा. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी गार इंजिनावर पातळी पुन्हा बघा, कारण थोडी हवा मागाहून निघते.

नळाचं पाणी मात्र आता बंद. त्यातल्या क्षारांचा थर नेमका कोरच्या बारीक वाटांत बसतो. शिवाय पाणी घालत गेल्यानं कूलंट पातळ होतं, आणि गंज रोखणारी द्रव्यंही विरळ होतात. अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासही गोठत नाही, नुसतं पाणी शून्याला गोठतं आणि इंजिनाचा ब्लॉकसुद्धा फोडू शकतं. आत कुठल्या प्रकारचं कूलंट आहे ते ठाऊक नसेल तर नुसत्या रंगावरून दुसरं मिसळू नका. सगळं काढून एकाच प्रकारचं नवं भरणं बरं.

आता मला छळणारा प्रश्न: ते दोनदा घातलेलं पाणी गेलं कुठे? बंद व्यवस्थेतून कूलंट आपोआप संपत नाही. खळखळ थर्मोस्टॅट बदलल्यावर सुरू झाली असं तुम्ही म्हणता, तर मी सगळ्यात आधी तिथे बघेन. थर्मोस्टॅटच्या घराच्या सांध्यावर टॉर्च मारा. गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी पातळ चकती, नीट बसलं नसेल तर तिथून थेंब थेंब कूलंट येतं, गरम लोखंडावर वाळतं आणि मागे पांढरट किंवा कूलंटच्याच रंगाची पपडी सोडतं. जमिनीवर डबकं दिसत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. अशीच पपडी वॉटर पंपाखाली आणि प्रत्येक क्लॅम्पपाशी शोधा. झाकणाचं रबर तडकलेलं असेल तर ते बदला, फक्त नव्यावर दाबाचा आकडा जुन्याइतकाच हवा.

कुठेच काही सापडलं नाही तर दोन शक्यता उरतात, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिली, कोर खरोखरच गळतोय. मग केबिनमध्ये गोडसर वास येतो, प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा चिकट ओला लागतो आणि काचेवर पुसल्यावरही तेलकट पापुद्रा राहतो. तुमची काच धुरकट होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आज संध्याकाळीच गालिच्याखाली हात घालून बघा. तिथे ओल आणि तो वास मिळाला तर तुमचे मेकॅनिक बरोबर आहेत, आणि कोर बदलावाच लागेल. दुसरी शक्यता हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं गॅस्केट फुटल्याची. हवा काढताना बुडबुडे थांबतच नसतील, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर जळलेला वायू कूलंटमध्ये किंवा कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असू शकतं. गॅरेजमध्ये यासाठी निळ्या द्रवाची चाचणी असते, वायू असेल तर तो द्रव पिवळा पडतो. हीटरच्या कुठल्याही कामाआधी ती करून घ्या.

पातळी पूर्ण, हवा निघालेली, व्हॉल्व्ह असेल तर तो उघडा, आणि तरीही एक पाइप गरम नि दुसरा कोमट, असं निघालं तर कोरमध्ये गाळ आहे. तो बदलण्याआधी एकदा धुवून बघायचा. हे तुम्हाला जमेल, पण सोबतीला कुणी असलं तर बरं. इंजिन गार असताना खालच्या बाजूनं थोडं कूलंट भांड्यात काढून घ्या आणि कोरचे दोन्ही पाइप इंजिनाच्या बाजूनं सोडवा. कोरच्या नळीवरून रबर ओढून काढायला जाऊ नका. वर्षानुवर्षं चिकटलेलं असतं, हिसका दिला की कोरची मऊ नळीच पिचते किंवा मुळाशी चिरते, आणि मग डॅशबोर्ड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. ते टोक काढावंच लागलं तर ब्लेडनं रबर लांबीच्या दिशेनं चिरा आणि सालीसारखं सोलून घ्या. पाइप नवा येतो.

मग ज्या वाटेनं कूलंट बाहेर येतं तिकडून बागेच्या नळीनं हळू पाणी सोडा, म्हणजे गाळ उलट दिशेनं सुटतो. नळ पूर्ण सोडायचा नाही, जुन्या कोरचे सांधे डाख लावून जोडलेले असतात. दुसऱ्या टोकाला बादली धरा. आधी गढूळ, गंजाच्या रंगाचं पाणी येईल, त्यात पत्र्याच्या खपल्या आणि मातकट कण दिसतील. थोडा वेळ एका दिशेनं, थोडा वेळ दुसऱ्या, असं पाणी नितळ येईपर्यंत करा. नळ तेवढाच ठेवून बादली भरायला सुरुवातीला किती वेळ लागला आणि शेवटी किती, हे घड्याळावर बघा. वेळ निम्म्यावर आला तर कोर बराच सुटला. तसूभरही बदलला नाही तर तो आतून दगडासारखा झालाय. पूर्वी कुणी गळती बंद करायची पूड किंवा द्रव रेडिएटरमध्ये घातला असेल तर असं होऊ शकतं, ती पूड कोरच्या बारीक वाटाही बुजवते. वडिलांच्या सामानात तशी एखादी बाटली सापडते का बघा. धुवून झाल्यावर कोरमधलं पाणी फुंकून काढा, नाहीतर नवं मिश्रण पातळ होईल.

बादलीतलं पाणी गटारात किंवा अंगणात ओतू नका. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात, लहान मुलांनाही तोच धोका. झाकणाच्या डब्यात भरा आणि गॅरेजमध्ये किंवा जिथे असा कचरा घेतात तिथे द्या.

दोन्ही पाइप गरम निघाले तर मी वर सांगितलं तसं झडपेकडे जा. दांडा हलवून झडपेचा हात पूर्ण सरकतो का बघा. झडप मोटरवर चालत असेल आणि डॅशबोर्डमधून टकटक आवाज येत असेल, तर मोटरचे प्लॅस्टिकचे दाते तुटलेत. ब्लोअर जोरात आहे म्हणता, त्यामुळे त्या बाजूला मी वेळ घालवणार नाही.

हे सगळं होईपर्यंत काचेचं काय, तर हवा बाहेरून घेण्यावर ठेवा. आतलीच हवा फिरवली तर जरा ऊब वाटते, पण श्वासातली ओल काचेवर बसत राहते. एसी असेल तर हीटरसोबत चालू ठेवा, तो हवेतली ओल काढून घेतो. जुन्या पिकअपच्या फरशीला गंजून भोकं पडलेली असू शकतात, आणि सायलेन्सरचा पाइपही कुठे फुटलेला असला तर धूर तिथून आत येतो, म्हणूनही बाहेरची ताजी हवा हवी. काच अर्धवट दिसत असताना पहाटेच्या अंधारात गाडी काढू नका, ताई. ती नितळ व्हायला दहा मिनिटं लागली तर दहा मिनिटं थांबा. आणि कोर खरोखर गळका निघाला पण लगेच काम करता येत नसेल, तर दोन्ही पाइप एकमेकांना जोडून कोर वाटेतून वगळता येतो. हीटर मिळणार नाही, पण इंजिन सुरक्षित चालेल.

मेकॅनिकना दुखवायची गरज नाही. त्यांच्यासमोर बॉनेट उघडा आणि म्हणा, दोन्ही पाइप किती गरम आहेत ते जरा एकत्र बघूया. चांगला माणूस असेल तर तो आनंदानं हात घालेल.

मला तीन गोष्टी कळवा: गार इंजिनावर रेडिएटरमध्ये पातळी कुठे होती, दोन पाइपांपैकी कुठला किती गरम लागला, आणि गालिच्याखाली ओल मिळाली का. तेवढ्यावरून पुढचं सांगतो.